चिमणी नसलेली चूल

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी आम्ही चाळीसेक जण एका कोठाराच्या अंगणात उभं राहून छपरावरच्या चिमणीकडं बघत होतो. आत स्टोव्ह पेटून अर्धा तास होत आला होता आणि चिमणीच्या तोंडाशी धुराचा मागमूस नव्हता. मे महिन्यात सोलापुरात डांबरी रस्त्यावर हवा थरथरते, तेवढी थरथर फक्त दिसत होती. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. मी वाजवता वाजवता मध्येच थांबले, कारण मला सोलापूरच्या बाळे भागातली माझी मावशी आठवली.

मी अमेरिकेत व्हरमाँटमध्ये राहते. हिवाळ्यात पारा उणे वीसच्या खाली जातो आणि बर्फाच्या वादळात विजेच्या तारा तुटल्या की दोन-दोन दिवस घर गारठतं. म्हणून इथं गावोगावी घरात लाकडावरचा स्टोव्ह असतो. ओतीव लोखंडाची पेटी, पुढं काचेचं दार, वर छपराबाहेर जाणारी चिमणी. हे स्टोव्ह मनापासून आवडणारी मंडळी वर्षातून एकदा जमतात. सत्तरी ओलांडूनही स्वतः लाकूड फोडणाऱ्या दोघी बहिणी असतात, शाळेतले मास्तर असतात, निवृत्त बसचालक असतात. येताना प्रत्येक जण आपल्या ढिगातली दोन-चार लाकडं घेऊन येतो, आणि आपल्याकडं ज्वारीचं कणीस हातात घेऊन बोलावं तसं त्यावर बोलतो. ओक दोन वर्षं वाळवायचा की तीन, रचताना साल वर ठेवायची की खाली. नॉर्वेच्या सरकारी टीव्हीनं २०१३ साली सरपणावर १२ तासांचा कार्यक्रम दाखवला होता. तेव्हा लाकडं चुकीची रचली म्हणून तक्रारी आल्या, त्यातल्या निम्म्यांचं म्हणणं साल वर का आणि निम्म्यांचं साल खाली का. ही गोष्ट इथं दरवर्षी कोणीतरी सांगतंच.

या वर्षी मीही माझं एक लाकूड नेलं होतं. त्या बसचालक आजोबांनी ते हातात घेतलं, दुसऱ्या लाकडावर आपटून आवाज ऐकला आणि कुऱ्हाडीनं मधोमध फोडलं. मग ताज्या बाजूवर दोन टोकदार सुया असलेलं छोटं यंत्र टोचलं. आकडा आला २७. "वरून वाळलंय, पोटात अजून ओलं आहे," ते म्हणाले. त्यांच्या लाकडाचा आकडा १५ होता. ओलावा २० टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय लाकूड स्टोव्हमध्ये घालायचं नाही, हा इथला पहिला धडा. ओलं लाकूड आधी स्वतःतलं पाणी उकळण्यात धग घालवतं. जाळ थंड राहतो आणि न जळलेला वायू धूर होऊन वर जातो. तोच धूर चिमणीत थिजला की डांबरासारखा थर बसतो आणि एखाद्या रात्री चिमणीलाच आग लागते.

धूर म्हणजे न जळलेलं जळण, हे मी पंचेचाळिसाव्या वर्षी शिकले. नव्या स्टोव्हमध्ये जाळाच्या वरच्या बाजूला छोट्या भोकांतून तापलेली हवा सोडतात. धूर तिथं पुन्हा पेट घेतो आणि काचेतून निळसर-पिवळ्या ज्वाळा हवेत तरंगताना दिसतात. हे सगळं हौसेतून आपोआप घडलेलं नाही. अमेरिकेत १९८८ साली स्टोव्हच्या धुरावर पहिल्यांदा कायद्यानं मर्यादा आली. २०२० पासून नव्या स्टोव्हनं तासाला २ ग्रॅमच्या आसपासच धूर सोडायचा असा नियम आहे. कॅनडात मॉन्ट्रियल शहरात तर २०१८ पासून जादा धूर सोडणारे जुने स्टोव्ह पेटवायलाच बंदी आहे. आमच्या मेळाव्यात या नियमांवर कुरकूर होते, पण मला ते नियम योग्य वाटतात. त्या दिवशी एका बाईनं उभं राहून सांगितलं की तिच्या मुलाला दमा आहे आणि शेजारच्या जुन्या स्टोव्हमुळं हिवाळ्यात तो रात्र रात्र बसून काढतो. कोठारात कोणी काही बोललं नाही. नंतर जेवताना तिच्याभोवती सात-आठ जण बसले होते आणि तो शेजारी कोणत्या झाडाचं लाकूड जाळतो, चिमणी किती उंच आहे, असं एकेक विचारत होते.

मी घरी आले आणि पेटलेल्या स्टोव्हचा फोटो सोलापूरच्या आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला. तिथं आधीपासूनच वाद पेटलेला होता. भावानं हायवेवरच्या एका ढाब्याचा व्हिडिओ टाकला होता, 'चुलीवरची भाकरी, चुलीवरचं मटण'. त्यावर पुण्यातला चुलतभाऊ म्हणाला, हे बंदच करायला हवं, मुंबई हायकोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितलं ते बरोबरच आहे. भावानं लिहिलं, मग आपली कडक भाकरी संपली म्हणून समजा. माझ्या फोटोला बरेच अंगठे आले. मग मावसबहिणीनं एकच ओळ लिहिली, "ताई, तुझ्या चुलीला काच आहे. आईच्या चुलीला नाही."

मावशी बाळ्याला राहते. पत्र्याच्या शेडमध्ये बसून ती दिवसाला दीडशे कडक भाकऱ्या करते. घरात गॅस आहे, चहा आणि रात्रीची भाजी गॅसवरच होते. भाकरी मात्र चुलीवर, कारण घेणारे दुकानदार "चुलीवरचीच हवी" म्हणून सांगतात. गेल्या वेळी मी दोन तास तिच्याशेजारी बसले होते. काठवटीत पीठ मळायचं, थापून तव्यावर टाकायचं, पाणी फिरवायचं, उलटायचं, मग चुलीच्या तोंडाशी आराला, म्हणजे निखाऱ्यांच्या धगीला, उभी करायची. पातळ भाकरी मंद धगीवर वाळत जाते आणि बोटानं वाजवली की पापडासारखी वाजते. दर पाच-सहा भाकऱ्यांनंतर मावशी पदरानं डोळे टिपत होती. जळण वेड्या बाभळीचं, नुकतंच तोडलेलं. मध्येच जाळ बसला की फुंकणी तोंडाला लावायची. मी इथं एका दवाखान्यात फुप्फुसांच्या तपासण्या करते. दिवसभर लोकांना नळीत जोरात फुंकायला लावते, "अजून, अजून, थांबू नका" म्हणते. मावशीची फुंकणी बघताना तिसऱ्या फुंकेला तिचा दम कुठं तुटतो ते मला दिसत होतं. आमच्या आजीला शेवटच्या वर्षात डॉक्टरांनी विचारलं होतं, विडी ओढत होता का? तिनं उभ्या आयुष्यात विडी ओढली नव्हती.

जगात घरातल्या चुलीच्या धुरानं २०२० साली सुमारे ३२ लाख माणसं मेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यामुळं चुलतभावाचं म्हणणं मी हलक्यानं घेत नाही. उज्ज्वला योजनेनं १ मे २०१६ पासून गरिबाच्या घरात सिलिंडर पोचवला. त्यातली ८ कोटीवी जोडणी २०१९ मध्ये औरंगाबादेतच दिली गेली. हे मोठं काम आहे आणि ज्या बाईनं पहाटे सरपण वेचणं सोडलं तिला त्याची किंमत विचारावी. पण मावशीच्या शेडमध्ये ती योजना जाऊन थांबली, कारण तिथं चूल स्वयंपाकाची नसून धंद्याची आहे. आणि ढाब्याच्या व्हिडिओला अंगठा देणाऱ्या आम्हा सगळ्यांना चव हवी आहे, धूर दुसऱ्या कुणाच्या तरी वाट्याला.

मी मावशीला फोन करून थेट विचारलं, बंद करावीशी वाटते का? ती म्हणाली, "चूल नको कोण म्हणतंय गं? आराची धग गॅसला येत नाही. धूर नको, एवढंच हाय की माझं."

एवढं साधं उत्तर, आणि आमच्या ग्रुपवरच्या शंभरेक मेसेजांत ते नव्हतं. कारण तिला कोणी विचारलंच नव्हतं.

सोलापूरला चिमणीवर वाद घालता येतो, हे जगानं पाहिलं आहे. होटगी रोडच्या विमानतळाला अडसर होते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची ९० मीटरच्या आसपासची चिमणी पाडायची की ठेवायची, यावर कितीतरी वर्षं गाव दोन बाजूंना उभं होतं. मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि १५ जून २०२३ ला ती पडली. इथं सकाळचा चहा घेत मी तो व्हिडिओ बघितला. विमानसेवा हवी होती त्यांची तळमळ खरी होती आणि ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याचीही खरी होती. मला फक्त एवढंच म्हणायचं आहे की एका चिमणीसाठी इतकी ताकद लावणाऱ्या गावात, भाकरीच्या शेकडो शेडमध्ये चिमणीच नाही, यासाठी एक सभासुद्धा झालेली मला आठवत नाही.

देशानं प्रयत्न केले नाहीत असं नाही. १९८३ साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि २००२ च्या सुमारास गुंडाळला गेला. तोवर ३ कोटींहून जास्त चुली बसवल्या होत्या. त्यातल्या कित्येक दोन पावसाळ्यांत मोडल्या, धुराडी काजळीनं तुंबली, कारण धुराडं साफ कसं करायचं ते बसवणाऱ्यानं बाईला सांगितलं नव्हतं आणि बाईला काय अडतंय ते त्यानं ऐकलं नव्हतं. पुण्या-फलटणकडं डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती संस्थेनं चुलींवर वर्षानुवर्षं काम केलं. उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या त्यांच्या पद्धतीला २००२ मध्ये इंग्लंडचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. सोलापूर जिल्ह्यात उसाला काय तोटा? पाचट अजूनही फडातच पेटवतात आणि मावशी ओली बाभूळ विकत घेते.

अमेरिकेत ऑरेगॉनला ॲप्रोव्हेचो नावाची संस्था आहे. लॅरी विनियार्स्की यांनी १९८० च्या दशकात तिथं 'रॉकेट' चूल घडवली. कोपरासारखी वळलेली जळणाची वाट, भोवती उष्णता धरून ठेवणारा थर, त्यामुळं थोड्या काटक्यांत तापट, स्वच्छ जाळ. तिथं दरवर्षी चुलींचं शिबिर भरतं. लोक चुली बांधतात, पेटवतात, धूर मोजतात, मोडून पुन्हा बांधतात. आमच्या व्हरमाँटच्या मेळाव्याचंही मर्म तेच आहे. रोज जाळ हाताळणारी माणसं समोरासमोर बसतात आणि एकमेकांची चूक लाकूड फोडून दाखवतात.

फरक एक आहे आणि तो मी विसरू शकत नाही. मला कंटाळा आला तर भिंतीवरचं बटण दाबून घर तापवता येतं. मी एका हिवाळ्याच्या लाकडाला हजाराच्या वर डॉलर मोजते ते आवडीपोटी. त्या मेळाव्यात कोणाचंही पोट चुलीवर अवलंबून नाही. मावशीचं आहे. म्हणून इथली हौस जशीच्या तशी तिकडं नेणं मला पटत नाही. काचेचा स्टोव्ह सोलापूरच्या उन्हात काय कामाचा? पण जमण्याची रीत नेता येईल. सोलापुरात शेकडो बाया कडक भाकऱ्या करतात आणि त्या एकमेकींना बाजारातल्या भावापुरत्याच ओळखतात. कुणाच्या चुलीचं तोंड किती, तुराट्या चालतात की पऱ्हाट्या, पावसाळ्यात जळण कुठं ठेवायचं, हे प्रत्येकीनं एकटीनं, डोळे चुरचुरवत शिकलेलं. त्या एक दिवस एकत्र बसल्या, त्यांच्यासमोर दोन-तीन तऱ्हेच्या चुली पेटवल्या, कोणती ठेवायची ते त्यांनीच ठरवलं, आणि चिमणीचा खर्च "चुलीवरचीच हवी" म्हणणाऱ्यांनी भाकरीमागं दोन रुपये जास्त देऊन उचलला, तर बंदी आणि कौतुक या दोन्हींपेक्षा ते मला जास्त खरं वाटतं.

जानेवारीत मी गड्ड्याला, सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेला, येते आहे. मावशी आणि तिच्या ओळखीच्या अकरा जणी संक्रांतीनंतरच्या रविवारी तिच्या शेडमध्ये यायला तयार आहेत. मावसबहीण चिमणीसाठी पत्र्याचा पाइप बघून आली आहे. मी ते दोन सुयांचं यंत्र बॅगेत टाकलं आहे. काल फोनवर मावशीला त्याचं काम समजावून सांगितलं, तर तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आण तर. पहिल्यांदा त्या बाभूळवाल्याचं जळण टोचू. वाळलेलं म्हणून पैसे घेतो की माझ्याकडनं."