एजंट फक्त कुलूप उघडतो का? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

जुना फ्लॅट विकण्यापूर्वीच्या तयारीविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, एजंट कुलूप उघडण्यापलीकडे काही करत नाही, तरीही त्याला दोन टक्के दलाली द्यायला सांगून मी दलालांची वकिली केली. कागदपत्रांची लांबलचक जंत्री देऊन विकणाऱ्याला विनाकारण घाबरवले. आणि भिंतीतल्या ओलीविषयी ग्राहकाला आधीच सांगावे, हा माझा सल्ला विकणाऱ्याच्या मुळावर येणारा आहे. आपण स्वतः कोथरूडमधला फ्लॅट एजंटाशिवाय, त्याच इमारतीतल्या शेजाऱ्यांच्या नातेवाइकांना विकलात, असेही आपण लिहिले आहे.

आपल्या व्यवहारात एजंटाची गरज नव्हती, याविषयी माझे दुमत नाही. घेणारा ओळखीचा होता, त्याला इमारत, पाण्याची वेळ आणि सोसायटीचा कारभार ठाऊक होता, आणि आपण स्वतः पुण्यातच होतात. परंतु तो लेख मी ज्यांच्यासाठी लिहिला त्यांची परिस्थिती निराळी असते. आईवडिलांच्या पश्चात फ्लॅट बंद पडलेला असतो, एक भाऊ बंगळुरूला असतो, बहीण अमेरिकेत असते, आणि येणाऱ्या दहा पार्ट्यांपैकी खरा घेणारा कोण, हे ओळखायला जागेवर कोणीच नसते. आपला अनुभव खरा आहे, पण तो या मंडळींच्या उपयोगी पडणारा नाही.

आता कागदपत्रांविषयी. व्यवहार अडतात ते बहुतेक वेळा भावावर नव्हे, कागदावर, असे माझे ठाम मत आहे. म्हणून या मुद्द्यावर थोडे अधिक लिहिते. सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, म्हणजे सभासदाच्या भागांचा दाखला, हातात घेऊन ते उलटून पाहावे. मागच्या बाजूला हस्तांतरणाच्या नोंदींचा तक्ता असतो. त्यात तारीख, नव्या सभासदाचे नाव आणि पदाधिकाऱ्यांच्या सह्या असतात. वडील जाऊन अनेक वर्षे झाली तरी त्या तक्त्यातले शेवटचे नाव त्यांचेच असते, आणि मुलांची समजूत अशी असते की आई नॉमिनी होती म्हणजे घर आईचे झाले. नामनिर्देशनामुळे सोसायटीच्या दप्तरी नाव लागू शकते, पण त्यामुळे इतर वारसांचा हक्क संपत नाही. एखाद्या भावंडाला हिस्सा सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र नोंदवावे लागते. अन्यथा सर्व वारसांनी करारनाम्यावर सह्या कराव्या लागतात. परदेशातल्या बहिणीचे मुखत्यारपत्र तिथे साक्षांकित होऊन इथे येणार, मग त्यावर मुदतीत मुद्रांक भरला जाणार, यात आठवडे जातात. ही धावपळ ग्राहक ठरल्यानंतर सुरू झाली, तर तो कर्जमंजुरीची मुदत हातात धरून किती दिवस थांबेल? (मुखत्यारपत्र घरच्याच विश्वासू माणसाच्या नावे असावे, एजंटाच्या नावे कधीही नको.)

हीच गोष्ट मूळ करारनाम्यांच्या साखळीची. बिल्डरकडून पहिल्या मालकाकडे, त्याच्याकडून पुढच्याकडे, अशा प्रत्येक टप्प्याचा नोंदणीकृत दस्त, त्याची नोंदणी पावती आणि इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला त्या व्यवहाराचा गोषवारा) ग्राहकाच्या बँकेचा वकील मागणार, हे गृहीत धरावे. मधला एखादा दस्त हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वृत्तपत्रात जाहीर सूचना आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, हा मार्ग उपलब्ध आहे, पण तो वेळ खातो. आपले स्वतःचे गृहकर्ज फेडून झाले असेल तर मूळ कागद बँकेकडून परत आले आहेत ना, हेही पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 1 डिसेंबर 2023 पासून कर्जफेडीनंतर 30 दिवसांत ते परत करणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि बँकेच्या दोषामुळे विलंब झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. सोसायटीच्या ना-हरकत पत्राविषयी आपण लिहिलेत की आदर्श उपविधींनुसार (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांनुसार) हस्तांतरणासाठी त्याची गरज नाही. ते बरोबर आहे. परंतु ग्राहकाची बँक ते मागतेच, म्हणून सेक्रेटरींशी आधी बोललेले बरे. हस्तांतरण अधिमूल्याची, म्हणजे सभासद बदलताना सोसायटी घेते त्या रकमेची, कमाल मर्यादा महापालिका क्षेत्रात 25,000 रुपये आहे आणि देणगीच्या नावाखाली त्याहून अधिक मागता येत नाही, हे मात्र त्याच भेटीत नम्रपणे, पण स्पष्टपणे सांगावे.

हे सारे वाचून कोणी घाबरत असेल, तर त्याने घर दाखवायला काढण्यापूर्वी घाबरावे. टोकन, म्हणजे ग्राहकाकडून बयाणा, घेतल्यानंतर घाबरण्यापेक्षा ते पुष्कळ बरे.

ओलीच्या मुद्द्यावर मी माझ्या मतापासून जराही हटणार नाही. आपण म्हणता, पुट्टी मारून रंग द्यावा आणि गप्प बसावे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार, विकणाऱ्याला ठाऊक असलेला आणि घेणाऱ्याला साधारण काळजी घेऊनही न कळणारा महत्त्वाचा दोष सांगणे हे विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. पण कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी, उन्हाळ्यात झाकलेला डाग जुलैत भिंतीवर पुन्हा उमटतो, आणि आयुष्याची पुंजी ओतून घर घेतलेल्या कुटुंबाला आपण फसवले, ही गोष्ट रंगाच्या डब्याखाली झाकली जात नाही. शिवाय ओलीचे कारण शोधणे अनेकदा विकणाऱ्याच्याच फायद्याचे ठरते. सर्वांत वरच्या मजल्यावरच्या घरात पावसाचे पाणी गच्चीतून झिरपत असेल तर ती दुरुस्ती सोसायटीने स्वखर्चाने करायची असते. वरच्या फ्लॅटच्या न्हाणीघरातून गळत असेल तर तो खर्च त्या सभासदाचा. कारण दूर करून, दुरुस्तीची पावती जपून, मगच रंग द्यावा आणि ग्राहकाला ती पावती दाखवावी. नवे मॉड्युलर किचन, फॉल्स सीलिंग असल्या गोष्टींवर विक्रीच्या तोंडावर खर्च करू नये, असे आपण लिहिले आहे; तिथे मी पूर्णपणे आपल्या बाजूची आहे.

आता एजंट. त्याच्यावर कोणाचेच नियंत्रण नाही, हे आपले विधान अर्धेच खरे आहे. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, एजंटांची नोंदणी होते, आणि 2023 पासून त्यांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट आहे. परंतु कायद्यातली नोंदणीची सक्ती विकसक विकत असलेल्या नोंदणीकृत प्रकल्पांपुरती आहे. आपल्यासारख्यांच्या जुन्या फ्लॅटच्या पुनर्विक्रीला ती थेट लागू होत नाही. म्हणूनच नोंदणी क्रमांक असलेला एजंट निवडावा आणि तरीही त्याच्याशी सर्व काही लेखी ठरवावे, असे मी लिहिले होते. दोन टक्के हा काही सरकारी दर नव्हे. तो बोलून ठरवायचा असतो, आणि पुण्यात एक टक्क्यावरही काम होते. 80 लाखांच्या घरावर एक टक्का म्हणजे 80,000 रुपये, आणि एजंट जीएसटीखाली नोंदणीकृत असेल तर त्यावर 18 टक्के म्हणजे आणखी 14,400. या पैशांच्या बदल्यात कुलूप उघडणे पुरेसे नाही, हे आपल्याइतकेच मलाही वाटते. येणाऱ्याची कर्ज मिळण्याची ऐपत आधी तपासणे, त्याच इमारतीतल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू काढून खरी नोंदलेली किंमत समोर ठेवणे, जुन्या दस्तातले बिल्ट-अप (भिंतींसह मोजलेले) आणि प्रत्यक्षातले कार्पेट (भिंतींच्या आतले वापराचे) क्षेत्रफळ यांतला फरक ग्राहकाला घर पाहण्याआधीच सांगणे, आणि करारनामा नोंदल्यानंतर ग्राहकाच्या बँकेकडून कर्जाची रक्कम सुटेपर्यंत पाठपुरावा करणे, हे त्याचे काम आहे. तो घेणाऱ्याकडूनही दलाली घेणार असेल तर ते सुरुवातीलाच सांगितले पाहिजे. कारण दोन्हीकडून पैसे घेणारा माणूस भावाच्या घासाघिशीत पूर्णपणे आपल्या बाजूने उभा राहू शकत नाही, हे समजूनच त्याचा सल्ला तोलावा लागतो.

आणि एजंट जर म्हणाला की काही रक्कम रोखीत घ्या, म्हणजे कर वाचेल, तर त्याच क्षणी दुसरा एजंट शोधावा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, आणि तो भरायचा असतो विकणाऱ्याने.

शेवटी आपण विचारलेत की, एवढे करूनही एजंटाने मधेच अंग काढून घेतले तर काय. त्यासाठी दलालीची विभागणी करावी. टोकनच्या वेळी काहीही देऊ नये, कारण टोकन घेतलेले कितीतरी व्यवहार मोडतात. करारनामा नोंदल्यावर निम्मी रक्कम द्यावी, आणि उरलेली निम्मी ग्राहकाच्या बँकेचा धनादेश आपल्या खात्यात जमा होऊन ताबा दिल्यावर द्यावी. ही अट पहिल्या भेटीतच लिहून द्यायला जो एजंट तयार होत नाही, त्याला काम देऊ नये.