बॉर्डर्स बुडालं, पण त्याचं खापर एकट्या अ‍ॅमेझॉनवर फोडू नका

परवा एका मित्राशी बोलताना पुन्हा तेच ऐकलं. "अगं, अमेरिकेतली बॉर्डर्ससारखी पुस्तकांच्या दुकानांची अवाढव्य साखळी बुडाली, तिथे पुस्तकांच्या दुकानांचं काय घेऊन बसलीस! ऑनलाइन आलं की हे व्हायचंच होतं." तेव्हा गप्प बसले, पण दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून लिहितेय. पोस्ट लांबली आहे, सांभाळून घ्या.

बॉर्डर्स चालू होतं तेव्हा मी अमेरिकेत, मिशिगनमध्ये अ‍ॅन आर्बरला राहत होते. बॉर्डर्सचं मूळ गावच ते. टॉम आणि लुई या बॉर्डर्स बंधूंनी १९७१ मध्ये तिथे जुन्या पुस्तकांचं एक लहानसं दुकान काढलं. लुई गणितातला. कुठल्या दुकानात कुठलं पुस्तक किती खपतं याचा हिशेब ठेवणारी संगणक प्रणाली त्याने उभी केली, तीही त्या काळात. पण मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी गोष्ट. तिथे नोकरी मागायला आलेल्या माणसाला पुस्तकांवरची चाचणी द्यावी लागायची. कोणी काय लिहिलंय, कुठलं पुस्तक कुठल्या विभागात जाईल, हे विचारायचे. गल्ल्यावर बसणाऱ्यालाही वाचनाची आवड हवी, हा आग्रह होता.

त्या आग्रहाचं फळ मी स्वतः चाखलंय. लिबर्टी स्ट्रीटवरच्या दुकानात साहित्याच्या विभागात एक पिकल्या केसांचे गृहस्थ असायचे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नुसतीच कपाटांपुढे घुटमळत होते. त्यांनी जवळ येऊन विचारलं, "शेवटचं आवडलेलं पुस्तक कुठलं?" मी सांगितलं. ते आत गेले आणि तीन पुस्तकं घेऊन आले. तिन्ही वेगवेगळ्या देशांतली. एकाचंही नाव मी ऐकलेलं नव्हतं. म्हणाले, "बसून चाळ, घेतलंच पाहिजे असं नाही." मी दोन घेतली. तिसरं पुढच्या महिन्यात.

असं दुकान बुडतं कसं?

केमार्ट या सगळ्या प्रकारचा स्वस्त माल विकणाऱ्या दुकानांच्या साखळीने १९९२ मध्ये बॉर्डर्स विकत घेतलं. मॉलमधली वॉल्डनबुक्स ही पुस्तकांची दुकानं केमार्टकडे आधीपासून होतीच. १९९५ मध्ये दोन्ही मिळून वेगळी कंपनी झाली आणि पुढे दोन्ही नावांची मिळून बाराशेहून अधिक दुकानं उभी राहिली. बहुतेक मोठ्या जागा लांब मुदतीच्या भाडेकरारावर. निम्मा मजला सीडी आणि डीव्हीडींनी भरलेला, आणि तो बाजार काही वर्षांतच कोसळला. १९९९ मध्ये किराणा-सुपरमार्केटच्या धंद्यातला माणूस प्रमुखपदी आला. कुठल्या प्रकारची पुस्तकं किती ठेवायची हे सुपरमार्केटच्या पद्धतीने वरून ठरायला लागलं आणि त्यात मोठ्या प्रकाशकांना सामील करून घेतलं. मग त्या पिकल्या केसांच्या गृहस्थांच्या डोक्यात जे होतं त्याचा उपयोग काय उरला? साबण आणि बिस्किटं मांडायला वाचक लागत नाही.

सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट २००१ ची. त्या वर्षी बॉर्डर्सने आपली ऑनलाइन विक्रीच अ‍ॅमेझॉनच्या हातात दिली. बॉर्डर्सच्या वेबसाइटवर जायचं आणि खरेदी अ‍ॅमेझॉनकडून करायची, असं थेट २००८ पर्यंत चाललं. सात वर्षं! आपलं गिऱ्हाईक स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडलं. २००६ नंतर वर्षाचा नफा दिसलाच नाही. दुसरीकडे स्वतःचेच शेअर परत विकत घेण्यात पैसा ओतला आणि कर्ज वाढत गेलं. २०१० सरताना प्रकाशकांची देणी थकायला लागली. एकट्या पेंग्विनचे ४ कोटी १० लाख डॉलर अडकले होते.

अ‍ॅमेझॉनने धंदा ओढला हे मला मान्य आहे, ई-बुकनेही ओढला. पण अ‍ॅमेझॉन तर सगळ्यांच्याच समोर होतं. बॉर्डर्सची प्रतिस्पर्धी साखळी बार्न्स अँड नोबलही गटांगळ्या खात होतं, पण ते तगलं. २०१९ मध्ये तिथे जेम्स डॉन्ट आले. त्यांनी आधी वॉटरस्टोन्स ही ब्रिटनमधली पुस्तकांच्या दुकानांची साखळी सावरली होती. त्यांचं औषध काय? दर्शनी जागेसाठी प्रकाशकांकडून पैसे घेणं थांबवलं आणि कुठली पुस्तकं मांडायची हे त्या त्या दुकानातल्या माणसांवर सोपवलं. म्हणजे बॉर्डर्सकडे १९७० च्या दशकात जे होतं, जवळपास तेच. म्हणूनच 'व्हायचंच होतं' हे वाक्य मला सहन होत नाही. हे ठरवून घेतलेले निर्णय होते आणि ते घेणारी माणसं होती. किंमत मात्र भलत्यांनीच मोजली. १६ फेब्रुवारी २०११ ला दिवाळखोरीचा अर्ज झाला, जुलैमध्ये कोणी खरेदीदार टिकला नाही, आणि उरलेली ३९९ दुकानं मोडीत निघाली. १०,७०० माणसांची नोकरी गेली. नाव आणि ग्राहकांची यादी बार्न्स अँड नोबलने १ कोटी ३९ लाख डॉलरला घेतली. त्या यादीत मीही होते. आता तुमची माहिती आमच्याकडे येतेय, नको असेल तर कळवा, अशी त्यांची मेल आली. मी कळवलं नाही. का, ते आजही सांगता येणार नाही.

शेवटच्या आठवड्यात मी त्या दुकानात गेले होते. छतापासून जमिनीपर्यंत पिवळे फलक. विभाग राहिलेलेच नव्हते. पाककृतींवर प्रवासवर्णनं, त्यावर लहान मुलांची चित्रांची पुस्तकं, सगळा ढीग. लोक ट्रॉल्या भरत होते. कपाटांनाही किमतीच्या चिठ्ठ्या लावलेल्या. ते गृहस्थ मागच्या कोपऱ्यात एका कपाटापाशी उभे होते. कपाटावर 'विकलं गेलं' अशी चिठ्ठी होती आणि ते त्यातली उरलीसुरली पुस्तकं लेखकांच्या आडनावांप्रमाणे लावत होते. लोक मधूनच एखादं उपसून दुसरीकडे टाकत, ते पुन्हा उचलून जागेवर ठेवत. मला काय बोलावं सुचेना. त्यांनीच खालच्या फळीवरून एक बारीकसं पुस्तक काढलं, हाताने धूळ पुसली आणि म्हणाले, "हे तुझ्याकडे नसेल."

नव्हतं.