थंडी बाहेर, पाऊस आत

मारुतीची ईको व्हॅन घेतली तेव्हाच बायकोला सांगून टाकलेलं की हिची कॅम्पर करायची, म्हणजे आतच झोपायची सोय, आणि नोव्हेंबरात हिमाचलमधल्या स्पितीला जायचं. त्यावर ती नुसतं "बरं" म्हणाली. हे असलं "बरं" काय असतं ते लग्न झालेल्यांना सांगायला नको.

स्पितीतलं काझा गाव साडेतीन हजार मीटरच्याही वर आहे, नोव्हेंबरात रात्री उणे दहा म्हणजे काही विशेष नाही, आणि ईको म्हणजे चाकं लावलेला पत्र्याचा डबा. मग काय, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत कॅनडातल्या दाढीवाल्यांचे व्हिडिओ बघून मी एवढं शिकलो की पत्रा आणि आपण यांच्यामध्ये काहीतरी जाड पाहिजे. आईने हे दोन सेकंदात सांगितलं असतं.

बोहरी आळीतून चंदेरी बबलशीटचा रोल आणला. दुकानदार म्हणाला, "साहेब, थंडी आत येऊच शकत नाही!" सोल्युशन फासून शीट थेट पत्र्याला चिकटवली, वरून प्लाय ठोकला, दोन रविवार गेले. नंतर कळलं की चंदेरी थर उष्णता परत फिरवतो खरा, पण त्याच्यासमोर हवेची पोकळी सोडली तरच, असा दाबून बसवला की नुसती शोभा. सगळं उचकटलं.

मग एसीच्या डक्टला गुंडाळतात तो काळा नायट्राइल फोम आणला. हा पाणी पीत नाही, हवा तसा वाकतो, फक्त आपल्या हातालाही पत्र्याइतक्याच प्रेमाने चिकटतो. मे महिना, पार्किंगमध्ये चाळीस डिग्री, सोल्युशनच्या वासाने डोकं गरगरतंय, आणि वॉचमनकाका विचारतात, "एसी बसवताय का साहेब?" म्हटलं, नाही काका, थंडी वाजू नये म्हणून करतोय. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग वर आमच्या बाल्कनीकडे, घरचं कोणी आहे का बघायला.

खिडक्यांचे पडदे बायकोच्या योगा मॅटचे कापले. (तो विषय अजून मिटलेला नाही.) जिथून म्हणून हवा येईल तिथे सिलिकॉन भरलं. दाराच्या खालची भोकं तेवढी सोडली, ती पाणी जायला असतात हे नशिबाने आधी वाचलं होतं. छताच्या तीन आडव्या लोखंडी पट्ट्यांपाशी आलो तोवर फोम संपला होता. म्हटलं, एवढ्याशा पट्ट्यांनी काय होतंय.

काझा. रात्री तीन. कपाळावर टप्प. मला वाटलं स्वप्न, मग दुसरा थेंब थेट नाकपुडीत. टॉर्च लावला तर बाकीचं छत कोरडं ठणठणीत आणि त्या तीन पट्ट्यांवर ओळीने थेंब, रविवारी आंघोळीला नंबर लावल्यासारखे. दोन माणसं रात्रभर श्वासातून चांगलं भांडंभर पाणी सोडतात, वर आम्ही आतच मॅगी उकळलेली. त्या वाफेला बाहेर जायला मी एक फट ठेवली नव्हती, आणि लोखंडातून उष्णता फोमच्या हजारपटीहून जास्त पळते, त्यामुळे सगळी वाफ नेमकी उघड्या पट्ट्यांवर जाऊन बसली. समोरच्या काचेवर आतून बर्फ. तो मी एटीएम कार्डाने खरवडला, कार्डाचा तेवढाच उपयोग, कारण मशीनमध्ये कॅश नव्हती.

चहा करावा तर गॅस पेटेना. छोट्या डब्यातला ब्युटेन शून्याच्या खाली गेला की वायू व्हायचंच नाव घेत नाही. तो डबा मी स्लीपिंग बॅगमध्ये कुशीत घेऊन झोपलो. "त्याला घे जवळ," बायको म्हणाली आणि भिंतीकडे वळली. भिंत ओली होती.

दुसऱ्या रात्री दोन्हीकडच्या खिडक्या दोन-दोन बोटं उघड्या ठेवल्या. थंडी होतीच, पण कोरडी. पाच महिने एकेक फट बुजवून मी शेवटी उणे बारामध्ये खिडकी उघडी टाकून झोपलो.

ईको सध्या पार्किंगमध्येच असते. फोम उन्हाची ऊब रात्रभर धरून ठेवतो हे आईच्या लक्षात आलं, आणि या मे महिन्यात तिने आत गवत पसरून हापूसची चार डझनाची अढी घातली. काल मी गाडी काढायला गेलो तर ती वरून ओरडली, "दार उघडू नकोस, अजून दोन दिवस आहेत!"