‘महिलांच्या शर्यती कोणी बघत नाही’ या दाव्याला उत्तर

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ आली की इथल्या धावपटूंच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा : महिलांच्या शर्यती लोक बघत नाहीत, म्हणून माध्यमे त्या दाखवत नाहीत, त्या संथ असतात आणि त्यांत चुरस नसते, लांब पल्ल्याच्या शर्यतींत महिला मुळात उशिरा आल्या, त्याला माध्यमे काय करणार, आणि कविता राऊत, ललिता बाबर या आपल्या धावपटूंवर एवढे छापून आले, ते पुरेसे नाही का? हा संदेश पुढे पाठवणारे अनेक जण माझ्याबरोबर पहाटे शिवाजी पार्कला धावतात, म्हणून त्याला नीट उत्तर द्यावेसे वाटते.

चुरशीचा मुद्दा आधी घेते, कारण तो तपासून पाहता येतो. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ११ ऑगस्ट २०२४ रोजी महिलांची मॅरेथॉन झाली. बेचाळीस किलोमीटर धावून झाल्यावर नेदरलँड्सची सिफान हसन आणि इथिओपियाची तिग्स्त असेफा अक्षरशः खांद्याला खांदा घासत शेवटच्या टप्प्यात आल्या आणि हसनने अवघ्या तीन सेकंदांनी सुवर्णपदक जिंकले. त्याच स्पर्धेत तिने त्याआधी ५,००० आणि १०,००० मीटरमध्ये कांस्यपदके मिळवली होती. आदल्या दिवशीच्या पुरुषांच्या मॅरेथॉनमध्ये पहिल्या दोघांतले अंतर २१ सेकंदांचे होते. त्याच्या आदल्या वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत पारुल चौधरीने ५,००० मीटरच्या शर्यतीत अगदी शेवटच्या काही मीटरांत जपानच्या धावपटूला मागे टाकून सुवर्ण मिळवले. आणि १९८४ मध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषा यांचे पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले, ती हळहळ तर आपल्या घराघरांत अजून जिवंत आहे.

राहिला वेगाचा प्रश्न. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीच्या बँटमवेट या हलक्या वजनगटात कांस्यपदक जिंकले. जड गटातला मल्ल त्यांना चीत करू शकला असता का, असे विचारून त्या पदकाची किंमत कोणी कमी करत नाही. शर्यतीतला रंग तिच्यात उतरलेल्या खेळाडूंमधल्या झुंजीतून येतो.

‘उशिरा आल्या’ या वाक्यावर मात्र थांबावेच लागेल, कारण त्या उशिरात वार्तांकनाचा थेट हात आहे. १९२८ च्या ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये महिला पहिल्यांदाच ८०० मीटर धावल्या. अंतिम फेरीत नऊ जणी होत्या आणि नऊही जणींनी शर्यत पूर्ण केली. जर्मनीच्या लिना राड्केने २ मिनिटे १६.८ सेकंदांचा विश्वविक्रम केला. पण एका अमेरिकी पत्रकाराने मात्र अकरा ‘दीनवाण्या’ बायका धावल्या आणि त्यांतल्या पाच जणींनी मध्येच शर्यत सोडली, असे लिहिले. जिवाच्या आकांताने धावलेला कोणताही खेळाडू शेवटी मैदानावर आडवा होतो; महिलांच्या बाबतीत तोच दुबळेपणाचा पुरावा ठरवला गेला. अशा बातम्यांनी आधीच विरोधात असलेल्या पदाधिकाऱ्यांच्या हाती कोलीत दिले आणि ८०० मीटरची शर्यत ऑलिंपिकमधून गेली, ती १९६० मध्ये परत आली. महिलांच्या मॅरेथॉनला १९८४ उजाडावे लागले. १९२८ च्या त्या ८०० मीटरच्या शर्यतीत दुसरी आलेली जपानची किनुए हितोमी स्वतः एका वृत्तपत्रात काम करत होती, हे वाचल्यापासून ती बातमी तिने लिहायला हवी होती, असे मला राहून राहून वाटते.

प्रेक्षक नाहीत, या दाव्यात कारण आणि परिणाम यांची अदलाबदल झाली आहे. आघाडीच्या महिला पुरुषांच्या गर्दीत धावत असतील, तर कोण पुढे, कोण मागे, हे पडद्यावर कळतच नाही. बोस्टन मॅरेथॉनने २००४ पासून आघाडीच्या महिलांना वेगळे आणि आधी सोडायला सुरुवात केली, तेव्हा त्यांची शर्यत स्वतंत्रपणे दिसू लागली. जे दिसलेच नाही, ते लोकांना आवडले नाही असे म्हणता येत नाही.

आता ‘पुरेसे छापून आले’ याविषयी. कविता राऊत म्हणजे ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ आणि ललिता बाबर म्हणजे ‘माणदेशी एक्स्प्रेस’, हे आपल्याला पाठ आहे, आणि या नावांत माया आहे हेही मला मान्य आहे. पण कविताने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, किंवा साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीत) ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून अंतिम फेरीत पोहोचली आणि तिथे दहावी आली, हे किती जणांना सांगता येईल? उषा यांच्यानंतर ३२ वर्षांनी एक भारतीय महिला ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत धावली होती. घरची गरिबी आणि अनवाणी पाय यांवर रकाने भरले. त्यांच्या वेळा, त्यांचे डावपेच मात्र एका ओळीत उरकले गेले.

माझ्याकडे मुंबई मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशीचे एक जुने कात्रण आहे. वर चार रकान्यांत नऊवारी नेसून, नथ घालून धावणाऱ्या हौशी महिलांचे छायाचित्र आहे. त्या आनंदाबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण भारतीय महिलांत पहिल्या आलेल्या धावपटूचे नाव खालच्या कोपऱ्यात दीड ओळीत आहे, आणि त्यात वेळ दिलेलीच नाही. आदल्या सकाळी पेडर रोडच्या चढावर मी तिला पाहिले होते : कानशिलांवर मिठाचे पांढरे ओघळ सुकलेले, नजर पुढच्या वळणावर, आणि मागची धावपटू जेमतेम पन्नास पावलांवर. ती पन्नास पावले शेवटपर्यंत तशीच राहिली की कमी झाली, हे मला त्या बातमीतून कळायला हवे होते.