सोळा चॅनल, 160 नॉब आणि गुलाल

जुना मिक्सिंग कन्सोल, म्हणजे माइक-वाद्यांचे आवाज एकत्र करायचा मिक्सर, विकणारा माणूस "जरा खरखर करतो, बाकी एकदम ओक्के" म्हणाला की त्यातलं फक्त खरखर तेवढं खरं धरायचं. मी 16 चॅनलचा ॲनालॉग मिक्सर घेतला एका ऑर्केस्ट्रावाल्याकडनं, ते डिजिटलवर गेले म्हणून. मालक म्हणाले, "सर, एकाच ऑपरेटरच्या हातातला पीस आहे, आणि वेळच्यावेळी तेल सोडलंय की!" कसलं तेल विचारलं तर शिलाई मशीनचं.

आता फेडर म्हणजे काय, तर चॅनलचा आवाज कमी-जास्त करायचं वर-खाली सरकणारं बटण, आत कार्बनची काळी पट्टी असते आणि तिच्यावरनं धातूची नाजूक बोटं सरकतात, बास. त्यात धूळ गेली की खरखर होते. पण यात धुळीसोबत अनेक मिरवणुकांचा गुलाल गेलेला आणि वरनं भक्तिभावाने सोडलेलं तेल, त्यामुळे आत जो काही लाल लगदा झालाय त्यावर मिरची लावली असती तर उगवली असती. फेडर वर ढकलला की तिथेच राहायचा, आवाज मात्र दोन सेकंदांनी यायचा, तोही यायचा असेल तरच.

वरच्या पट्टीवर मास्किंग टेपचे थर. कोणत्या चॅनलला कोण हे लिहायला टेप लावतात, जुनी काढायचे कष्ट कोण घेणार, म्हणून टेपवर टेप. मी एकेक सोलत गेलो तर खाली "ढोलकी", त्याच्या खाली "निवेदक", त्याच्या खाली "कोरस लेडीज", आणि तेराव्या चॅनलवर लाल पेनने "ह्याला हात लाऊ नये". मी लावला. काही झालं नाही, म्हणजे अक्षरशः काहीच झालं नाही, चॅनल मेलेलाच होता.

मग नॉब. एका चॅनलला 10, म्हणजे 160, मास्टर सेक्शनचे वेगळे. पक्कडीने ओढले तर दांडी वाकते, म्हणून बुटाची लेस नॉबखाली गुंडाळून वर खेचायची, नॉब टुणकन उडून सोफ्याखाली जातो, आपण सोफ्याखाली जायचं. काढण्याआधी फोटो काढून ठेवले होते, कारण लाल, निळे, करडे कुठले कुठे ते नंतर परमेश्वरालाही सांगता येणार नाही. भांड्याच्या साबणात भिजवून, टूथब्रशने घासून गच्चीवर आईच्या जुन्या साडीवर वाळत घातले. शेजारच्या काकू आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "सांडगे का रे? रंग जास्त झालाय."

आतलं काम जास्त नाजूक. फेडर उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने लगदा काढायचा, तोही इअरबडने हळूहळू, कार्बनची पट्टी खरवडली की फेडर गेलाच. आणि अल्कोहोल घाणीबरोबर मूळचं ग्रीसही नेतं, मग फेडर इतका हलका होतो की फुंकर मारली तरी सरकेल, त्यामुळे शेवटी फेडरसाठीचंच वंगण अगदी पातळसं लावायचं. हे सगळं 16 वेळा, आणि एकदाही वेगळं काही नाही, तेवढ्यात मला पूजेत लघुरुद्र सांगणाऱ्या गुरुजींबद्दल प्रचंड आदर वाटायला लागला. बायको रोज विचारायची, "अरे, जेवायचं टेबल कधी परत मिळणार?"

तेराव्याचं कारण मात्र मजेशीर निघालं. मागे बाहेरचं यंत्र मध्येच जोडायला इन्सर्ट नावाचा जॅक असतो, त्याच्या आत बारीक पत्ती असते आणि तिथे काही खुपसलेलं नसेल तर सिग्नल त्या पत्तीवरनंच पुढे जातो. वर्षानुवर्षं कोणी तिथे काही लावलेलंच नाही, पत्तीवर काट चढला, रस्ता बंद. थोडा क्लीनर मारला, जॅक घुसव-काढ घुसव-काढ केलं, आणि चॅनल जिवंत! एवढ्यासाठी बिचाऱ्याला लाल पेनने वाळीत टाकलेलं.

उरली गुणगुण. विजेचे 50 हर्ट्झ रेक्टिफायरमधून, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या भागातून, दुप्पट होतात, म्हणजे 100 हर्ट्झची घूंऽऽ आली की पॉवर सप्लायचे, विजेतले चढउतार सपाट करणारे फिल्टर कॅपॅसिटर वाळलेत असा पहिला संशय घ्यायचा. पुण्याच्या बुधवार पेठेत तपकीर गल्लीतनं 2200 मायक्रोफॅरडचे, 35 व्होल्टचे आणले, बदलले, घूं गायब. हेडफोन लावला तर आता मागे सिस्स असा आवाज, आधीही असणारच, घूंमुळे ऐकूच येत नव्हता.

दुकानदार म्हणतो, "त्यात काय, 4558 काढा, 5532 टाका." हे आवाज वाढवणाऱ्या चिपचे नंबर, 5532 कमी सिस्स करणारं. आता ते चिप सॉकेटमध्ये नाहीत, सगळे थेट सोल्डर केलेले, आणि 5532 करंट जास्त ओढतं, म्हणजे परत पॉवर सप्लाय मोठा करा. बायकोला टेबल रविवारी देतो म्हणून सांगितलंय, कुठल्या रविवारी ते तिने अजून विचारलं नाहीये.