‘अपर फर्स्ट’ सगळीकडे चालत नाही

जत्रांचा हंगाम आला की जुन्या दशावताराच्या टेपा कपाटातून बाहेर निघतात आणि त्यांच्यामागोमाग व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो मेसेजही. कुडाळ-सावंतवाडीकडच्या शूटिंगवाल्यांत तो पुन्हा फिरतोय: ‘फील्ड ऑर्डर कायम अपर फर्स्ट ठेवा. चुकली तरी प्लेअर सांभाळून घेतो. मोबाईलचं शूटिंगही इंटरलेस्डच काढा, टीव्हीवर स्मूद दिसतं. डीइंटरलेस केलं की क्वालिटी अर्धी.’

इंटरलेस्ड म्हणजे एका फ्रेमच्या ओळी एकाआड एक अशा दोन पाळ्यांत टिपणं; एकेक पाळी म्हणजे फील्ड, आणि दोनांतली कुठली आधी ती फील्ड ऑर्डर. डीइंटरलेस म्हणजे त्या फील्डपासून पूर्ण फ्रेम बनवणं. मेसेजचं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते जास्त घात करतं. एचडीव्ही, एव्हीसीएचडी हे एचडी कॅमेऱ्यांचे फॉरमॅट, एकूणच १०८०आय (१०८० ओळींचं इंटरलेस्ड) म्हटलं की वरची फील्ड आधी. पण आपल्याकडचा जुना साठा बहुतेक मिनीडीव्ही टेपांवर, आणि त्यांच्या डीव्ही फॉरमॅटमध्ये खालची फील्ड आधी असते. ५७६ ओळींच्या फ्रेममध्ये २८८ ओळींच्या दोन फील्ड, एकीनंतर दुसरी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाने टिपलेली. क्रम उलटा लावलात की नंतरचा क्षण आधी दिसतो.

मागे एकजण बाहेरून करून आणलेला पेनड्राइव्ह घेऊन आला. सुरुवातीची गणपतीची पूजा एकदम छान. पुढे युद्धाला पखवाज चढला आणि राक्षसाची तलवार थरथरायला लागली. शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारलं, ‘कॅमेरो हलता काय रे?’ कॅमेरा स्टँडवर होता. फाईल सेकंदाला ५० फ्रेमने डीइंटरलेस करून एकेक फ्रेम सरकवली, तर तलवारीचं टोक मंडपाच्या खांबापुढे जातं, पुढच्याच फ्रेमला खांबामागे येतं, मग मोठी उडी मारून पुढे. ऑर्डर ‘लोअर’ केली, तलवार सरळ फिरली. पूजेत कोणी हलत नव्हतं, आणि न हलणाऱ्या चित्रात दोन्ही क्रम सारखेच दिसतात. पहिला मिनिट बघून ‘ओके’ म्हणणाऱ्याला हे कळणार कसं? (एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरचा ‘आयडेट’ फिल्टर फ्रेमा मोजून क्रम सांगतो, पण त्यालाही हालचालीचा तुकडा द्यावा लागतो. आणि संकलनात चित्र एक ओळ वर-खाली सरकवलंत तरी क्रम उलटतो, हे ध्यानात असू द्या.)

प्लेअर काय सांभाळणार? फाईलवर जो क्रम लिहिलाय त्यावर तो विश्वास ठेवतो. नुसती खूण चुकली असेल तर ती बदलता येते. पण उलट्या क्रमाने डीइंटरलेस करून प्रोग्रेसिव्ह (फील्ड नसलेली, पूर्ण फ्रेमची) फाईल काढलीत, तर प्लेअरकडे वेगळ्या फील्ड उरतच नाहीत.

मोबाईलचं तर साफ चूक. २५ फ्रेमच्या शूटिंगमध्ये सेकंदाला २५च क्षण आहेत, सेटिंग बदलून ५० होत नाहीत. उलट इंटरलेस्ड खूण बघून टीव्ही उगाच डीइंटरलेस करतो आणि नावांच्या पाटीच्या कडा लुकलुकतात. ‘नो फील्ड्स’, म्हणजे प्रोग्रेसिव्ह ठेवा, विषय संपला. हां, ५० फ्रेमचं शूटिंग असेल आणि चॅनलने ५०आयच (सेकंदाला ५० फील्डचं इंटरलेस्ड) मागितलं, तर इंटरलेस्ड काढण्यात अर्थ आहे.

राहिली अर्धी क्वालिटी. एक फील्ड फेकून २५ फ्रेम काढल्या तर खरंच २८८ ओळी उरतात. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा तेच करून बघितलं असावं. यॅडिफ किंवा बीडब्ल्यूडिफ हा डीइंटरलेसचा फिल्टर दुप्पट दराने चालवला तर प्रत्येक फील्डची एक फ्रेम होते, ५० क्षण ५०च राहतात आणि न हलणाऱ्या भागात दोन्ही फील्डच्या ओळी वापरल्या जातात. क्वालिटी खरी मरते ती दुसरीकडे: डीइंटरलेस न करताच ५७६ ओळींचं चित्र १०८० ला ताणलं की दोन्ही फील्ड एकमेकींत कालवल्या जातात, आणि मग कुठलीही ऑर्डर लावा, राक्षसाच्या मुकुटाला फणीचे दातच दिसणार. तो पेनड्राइव्ह तसाही झालेला असता, तर टेप पुन्हा कॅप्चर करण्याशिवाय इलाज नव्हता.