तपासणी टाळा, पण नावामागचं अक्षर बघून

गर्भाशयमुखाचा कर्करोग ज्या एचपीव्ही विषाणूमुळे होतो, तो मोठा संस्कारी. कु., सौ. की श्रीमती, हे विचारल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. तेव्हा आपण कुठल्या रकान्यात बसतो ते पाहावं आणि त्याप्रमाणे तपासणी टाळावी.

कु. असाल तर तिशी उलटली तरी कॉलेज रोडच्या दवाखान्यात आईला घेऊनच जा. केसपेपरवर 'अविवाहित' लिहिलं की 'शरीरसंबंध आलेत का' हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि आई शेजारी असली की खरं उत्तरही येत नाही. विषाणूला मंगलाष्टकं लागत नाहीत, त्वचेचा संपर्क पुरतो. संबंध कधीच आला नसेल तर धोका फारच कमी, मग तपासणी थांबवताही येते. पण हे ठरायला डॉक्टरांशी एकटीनं बोलावं लागतं. म्हणून म्हटलं, आईला न्याच.

सौ. आणि त्यातून लेकुरवाळ्या असाल तर प्रश्नच मिटला. दोन बाळंतपणांत सगळं तपासून झालंच असणार! फाईल जाडजूड आहे ना? ती उघडून पॅप स्मिअरचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी पुसून घेऊन तपासल्याचा, कागद शोधत बसू नका. सोनोग्राफीत बाळ दिसतं, गर्भाशयमुखाच्या बिघडलेल्या पेशी दिसत नाहीत, असल्या तपशिलात कशाला शिरायचं? मुलं लवकर झाली, पंचविशी-सत्ताविशीत ऑपरेशनही उरकलं, की स्त्रीरोगतज्ज्ञाचं तोंड बघायचं कारण संपतं. नेमकी तिशीपासून तपासणी सुरू करायची असते, हा निव्वळ योगायोग. जास्त बाळंतपणांनी धोका वाढतो म्हणतात, पण नणंदेला पाच आहेत आणि ती ठणठणीत आहे. नवऱ्याच्या लग्नाआधीच्या आयुष्याबद्दल तर अवाक्षर काढू नका.

श्रीमतींना काय सांगायचं! नवरा नाही म्हणजे विषाणूही गेला. खरं तर संसर्ग जुना असू शकतो आणि तो चिकटून राहिला तर कर्करोग व्हायला साधारण 10 ते 15 वर्षं लागतात. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर उष्णता समजा आणि सब्जा भिजत घाला.

सरकारी कार्यक्रमात 30 ते 65 वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी तपासणी असते. 3 ते 5 टक्के ॲसिटिक ॲसिड गर्भाशयमुखाला लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का बघायचं. निकाल जागच्या जागी. इतक्या झटपट आणि फुकट गोष्टीवर विश्वास कसा ठेवावा? (पाळी गेल्यावर बघायचा भाग आत सरकतो, मग ही पद्धत कमी उपयोगी पडते आणि एचपीव्ही चाचणी बरी. पण ती मागावी लागेल.) उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या 1,31,746 बायकांच्या अभ्यासात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू जवळपास निम्मे झाले, हे 2009 मध्ये छापून आलं. पण ते तिकडे. आपल्याकडे गोदामाई आहे.

पॅप स्मिअरला जावंच लागलं तर भर पाळीत जा. आदल्या रात्री संबंध ठेवा, किंवा योनीत ठेवायची गोळी वापरा. दोन दिवस यातलं काही करू नका असं सांगतात, कारण रक्ताखाली आणि औषधाखाली पेशी वाचता येत नाहीत. मग 'नमुना अपुरा' असा रिपोर्ट येतो. घरी सांगा, काही निघालं नाही.

एचपीव्ही पॉझिटिव्ह आलाच, तर कॉल्पोस्कोपीची, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख नीट बघायच्या तपासणीची, वेळ घेऊ नका. पॉझिटिव्ह म्हणजे कर्करोग नव्हे, बहुतेकींचा संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातो, आणि पेशी बिघडल्या असल्या तरी तो भाग बहुधा भरती न होता जाळून किंवा कापून काढता येतो, हे सगळं कोणालाही कळू देऊ नका. रिपोर्ट आधी सासूबाईंच्या हातात द्या. हा आला कुठून, यावर घरात महिनाभर चर्चा होऊ द्या, नवऱ्याला त्यात काही विचारू नका, आणि चारित्र्याचा निकाल लागला की मग डॉक्टरांना फोन करा.